वकिलाच्या खुर्चीतून निर्मात्याच्या खुर्चीत : टॉम पोलॉक यांची वाटचाल

शाईचा डाग

चित्रपट संपल्यावर पडद्यावर सरकत जाणाऱ्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून ज्यांची नावे येतात, त्यांपैकी काही जण मुळात वकील असतात. चित्रपटसृष्टीत त्यांचे पहिले पाऊल पडलेले असते ते करारनाम्याच्या मसुद्यावर, ही गोष्ट प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. अशा मंडळींपैकी टॉम पोलॉक यांची वाटचाल मला सर्वांत बोलकी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. हॉलिवूडमधल्या वाटाघाटींच्या टेबलाला दोन बाजू असतात. पोलॉक आधी एका बाजूला बसले, नंतर दुसऱ्या, आणि उतारवयात त्यांनी स्वतःचेच टेबल मांडले.

त्यांनी १९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, नव्यानेच स्थापन झालेल्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ काम केले आणि त्यानंतर भागीदारीत वकिलीची कचेरी उघडली. बड्या स्टुडिओंचे वकीलपत्र अशा नवख्या कचेरीकडे येण्याची शक्यता नव्हती. जे अशील मिळाले ते त्यांच्याच वयाचे, चित्रपटविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले दिग्दर्शक होते, आणि त्यांत जॉर्ज लुकास होते.

पुढची कथा बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण तिच्यातली मेख नीट सांगितली जात नाही. लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' या अंतराळपटाची कल्पना युनायटेड आर्टिस्ट्सने आणि युनिव्हर्सलने नाकारली होती; ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ती घेतली. लेखन आणि दिग्दर्शन मिळून मानधन ठरले होते सुमारे १ लाख ५० हजार डॉलर. मधल्या काळात, १९७३ मध्ये, लुकास यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' तुफान चालला, आणि अंतिम करार व्हायचा असल्याने आता हा तरुण मानधनाचा आकडा कितीतरी पटींनी वाढवून मागणार, अशी फॉक्सची खात्री होती. लुकास यांच्या बाजूने मात्र मानधनाचा आग्रह धरला गेला नाही. पोलॉक आणि त्यांचे भागीदार अँड्र्यू रिग्रॉड यांनी मागितले ते उत्तरकथांचे, म्हणजे चित्रपटाच्या पुढच्या भागांचे, हक्क आणि चित्रपटावर आधारित खेळणी व अन्य वस्तूंवरचे नियंत्रण. फॉक्सने ते दिले आणि आपण स्वस्तात सुटलो असे मानले.

फॉक्सला मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण त्यांची समजूत अनुभवातून आलेली होती. उत्तरकथा म्हणजे पहिल्या चित्रपटाची उतरती कळा, असाच तेव्हाचा हिशेब असे. वस्तूंचे म्हणाल, तर याच कंपनीच्या १९६७ मधल्या 'डॉक्टर डूलिटल'च्या वेळी खेळण्यांचे आणि बाहुल्यांचे ढीग दुकानांत पडून राहिले होते. पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे, तसे फॉक्सने ते हक्क फुंकून टाकले. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला आणि पुढचा भाग लुकास यांनी स्वतःच्या मिळकतीवर आणि बँकेच्या कर्जावर उभा केला. त्या भागाच्या बाबतीत फॉक्स केवळ वितरक उरला. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म कंपनी ४०५ कोटी डॉलरना घेतली, तेव्हा तिच्या किमतीचा मोठा भाग त्या दोन कलमांतूनच उगवलेला होता.

माझे म्हणणे असे आहे की, वकील निर्माता होऊ शकतो तो कायदा पाठ असल्यामुळे नव्हे. ज्या हक्काला आज कोणी विचारत नाही त्याची उद्याची किंमत जोखण्याची सवय त्याला मसुदे वाचून वाचून लागलेली असते, आणि निर्मात्याच्या कामाचा अर्धा भाग हाच आहे. उरलेला अर्धा भाग मात्र वकिलीच्या नेमका उलट आहे. वकिलाला धोका दिसला की तो अशिलाला थांबवतो; निर्मात्याला धोका दिसत असतानाही सही करावी लागते.

हा दुसरा भाग पोलॉक युनिव्हर्सलमध्ये शिकले. १९८६ मध्ये, ज्या स्टुडिओने लुकास यांना नकार दिला होता त्याच स्टुडिओच्या चित्रपट विभागाचे ते प्रमुख झाले. १९८८ मध्ये त्यांच्यापुढे 'ट्विन्स'चा प्रस्ताव आला. दिग्दर्शक आयव्हन राइटमन आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर व डॅनी डिव्हिटो हे दोन नट यांनी आगाऊ मानधन सोडून उत्पन्नात वाटा मागितला. दहा-बारा वर्षांपूर्वी पोलॉक स्वतः जी युक्ती लढवत होते तीच आता त्यांच्यावर लढवली जात होती, आणि त्यांनी ती मान्य केली. चित्रपटाने जगभरात २१ कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. श्वार्झनेगर यांनी पुढे सांगितले आहे की, इतकी कमाई त्यांना दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने करून दिली नाही.

त्याच वर्षी युनिव्हर्सलने मार्टिन स्कॉर्सेसी यांचा, येशू ख्रिस्ताला पडलेले मोह दाखवणारा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट' प्रदर्शित केला. पॅरामाउंटने १९८३ मध्ये तो अर्ध्यावर सोडला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी युनिव्हर्सलच्या दारात हजारो निदर्शक जमले. त्याआधी बिल ब्राइट या धर्मप्रचारकांनी, चित्रपटाचा सर्व खर्च आपण भरून देतो, प्रती नष्ट करण्यासाठी आमच्या ताब्यात द्या, असा प्रस्ताव ठेवला होता. निव्वळ व्यवहार पाहणाऱ्या माणसाला हा सौदा वाईट नव्हता: पैसे परत आणि डोकेदुखी बंद. स्टुडिओने वृत्तपत्रांत पानभर जाहीर पत्र छापून, अभिव्यक्तीचा घटनादत्त हक्क विकाऊ नाही, अशा आशयाचे उत्तर दिले.

१९९८ मध्ये पोलॉक आणि तेच राइटमन यांनी मिळून मॉन्टेसिटो पिक्चर कंपनी काढली. 'रोड ट्रिप', 'ओल्ड स्कूल', 'अप इन द एअर' हे तिचे चित्रपट. २०२० मध्ये पोलॉक यांचे निधन झाले.

जुना प्रेक्षक

लेख माहितीपूर्ण आहे, पण श्रेयाची वाटणी मला थोडी एकतर्फी वाटते. उत्तरकथांवर आपला ताबा हवा, ही ओढ मुळात लुकास यांची स्वतःची होती. 'अमेरिकन ग्राफिटी'त स्टुडिओने त्यांच्या परवानगीविना काही मिनिटांची कापाकापी केली, त्याचा राग त्यांच्या मनात होता. त्यांचे एजंट जेफ बर्ग हेही वाटाघाटींत होते. वकिलाने ती इच्छा निसटणार नाही अशा भाषेत बांधली, हे कौशल्य मोठेच. पण मसुदा लिहिणाऱ्याला दूरदृष्टीचे सारे श्रेय देणे म्हणजे लेखनिकाला ग्रंथकार ठरवण्यासारखे आहे.

दुसरे असे की, या वाटेवरचे आद्य प्रवासी पोलॉक नव्हेत. आर्थर क्रिम आणि रॉबर्ट बेंजामिन हे न्यूयॉर्कचे दोन वकील १९५१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच्या मालकांकडे गेले, तेव्हा चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली ती कंपनी दर आठवड्याला पैसे गमावत होती, आणि उरलेले दोन मालक चॅप्लिन व पिकफर्ड एकमेकांशी धड बोलत नव्हते. दोघा वकिलांनी घातलेली अट अशी: आम्हाला कंपनी चालवायला द्या, पहिल्या तीन वर्षांपैकी एका वर्षी जरी नफा झाला, तरी निम्मे भागभांडवल आमचे. नफा पहिल्याच वर्षी झाला. १९५५ मध्ये चॅप्लिन यांनी आणि पुढच्या वर्षी पिकफर्ड यांनी आपला हिस्सा विकला, आणि कंपनी पूर्णपणे वकिलांच्या हाती आली.

त्यांनी कंपनी चालवली तीही वकिलासारखीच, आणि हे मी कौतुकाने म्हणत आहे. त्यांच्याकडे चित्रीकरणाचा स्वतःचा स्टुडिओ नव्हता, पगारी नटांचा ताफा नव्हता. पटकथा, दिग्दर्शक, प्रमुख नट आणि अंदाजपत्रक एवढ्या गोष्टींना एकदा मंजुरी दिली की, पुढे स्वतंत्र निर्मात्याच्या कामात ते नाक खुपसत नसत आणि नफ्यात त्याला वाटा देत. स्टुडिओ म्हणजे कारखाना, ही कल्पना मोडून स्टुडिओ म्हणजे पैसा पुरवणारा करारदार, ही कल्पना त्यांनी रुजवली. १९७५, १९७६ आणि १९७७ अशा सलग तीन वर्षांच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करवर युनायटेड आर्टिस्ट्सचे नाव आहे. १९६७ मध्ये ट्रान्सअमेरिका या विमा-व्यवसायातल्या बड्या समूहाने कंपनी घेतली होती, त्यांच्याशी खटके उडाल्यावर १९७८ मध्ये क्रिम आणि त्यांचे चार सहकारी बाहेर पडले. तेव्हा साठाहून अधिक चित्रपटकर्त्यांनी ट्रान्सअमेरिकेला उद्देशून जाहीर पत्र प्रसिद्ध केले. एखाद्या वकिलासाठी इतके दिग्दर्शक एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

शाईचा डाग

@जुना प्रेक्षक, लेखनिक आणि ग्रंथकार ही तुलना मला बोचली, पण ती पूर्ण चुकीची नाही. इच्छा लुकास यांची होती, हे मान्य. तरीही मानधनाचा आग्रह सोडून कोणत्या दोन कलमांवर अडून बसायचे, ही निवड नुसत्या इच्छेतून होत नाही. क्रिम यांच्याविषयी लिहिलेत हे उत्तम झाले; त्यांनी स्थापन केलेल्या ओरायन कंपनीचा शेवट मात्र करुण आहे. डिसेंबर १९९१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढच्याच मार्चमध्ये तिच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ला पाच प्रमुख ऑस्कर मिळाले.

तिसरी घंटा

माझा अनुभव नाटकाचा आहे, त्यामुळे एक प्राथमिक प्रश्न विचारतो. आमच्याकडे निर्माता म्हणजे तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत सगळीकडे दिसणारा माणूस. 'अप इन द एअर'वर पोलॉक यांचे नाव कार्यकारी निर्माता म्हणून आहे, हे मी आत्ताच पाहिले. असा वकील-निर्माता प्रत्यक्षात दिवसभर काय करतो? तो चित्रीकरणाच्या जागी तरी जातो का?

कलम २०३

@तिसरी घंटा, त्याचे महत्त्वाचे काम चित्रीकरणाच्या कितीतरी आधी झालेले असते. कादंबरी किंवा कथा आवडली की ती लगेच विकत घेत नाहीत. ठरावीक मुदतीसाठी थोडी रक्कम देऊन ती राखून ठेवतात, यालाच ऑप्शन म्हणतात. त्या मुदतीत पटकथा लिहून घ्यायची, नट जुळवायचे आणि पैसा उभा करायचा. पैसा उभा करणे हेही बहुतांशी कागदाचेच काम आहे. वितरकाने 'पूर्ण झालेला चित्रपट हाती पडताच अमुक रक्कम देईन' असे लिहून दिले की बँक त्या कागदावर कर्ज देते. मात्र चित्रपट पूर्ण होईलच याची हमी बँकेला हवी असते, ती कम्प्लीशन बाँड देणारी कंपनी देते, आणि ती हमीच्या बदल्यात वेळ पडल्यास चित्रपटाचा ताबा घेण्याचा अधिकार लिहून घेते. या तिन्ही कागदांतली कलमे एकमेकांना छेद देत नाहीत ना, हे पाहणारा माणूस नसेल तर कॅमेरा सुरूच होत नाही.

सर्वांत किचकट भाग म्हणजे हक्कांची साखळी: मूळ लेखकापासून आजच्या निर्मात्यापर्यंत हक्क कोणाकडून कोणाकडे, कोणत्या कागदाने आले. ही साखळी तुटली की काय होते, याचा नमुना हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' आहे. तो कॉर्नेल वुलरिच यांच्या १९४२ मधल्या कथेवर बेतलेला. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात लेखाधिकाराची (कॉपीराइटची) पहिली मुदत २८ वर्षांची असे आणि नंतर नूतनीकरण करावे लागे. नूतनीकरणाचा हक्कही चित्रपटासाठी देऊ, असे वुलरिच यांनी मान्य केले होते, पण ती वेळ येण्याआधीच, १९६८ मध्ये, ते वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी नूतनीकरण करून घेतले आणि तो हक्क शेल्डन अबेंड नावाच्या साहित्यिक एजंटाने ६५० डॉलर अधिक उत्पन्नाचे १० टक्के इतक्या मोबदल्यात घेतला. १९८३ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, अबेंड न्यायालयात गेले, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला: मृत लेखकाचे वचन त्याच्या वारसांवर बंधनकारक नाही. हरलेल्या पक्षात युनिव्हर्सलची मूळ कंपनी एमसीए होती, म्हणजे निकाल लागला तेव्हा पोलॉक तिच्याच चित्रपट विभागाचे प्रमुख होते.

गंमत पुढे आहे. २००७ मध्ये पोलॉक यांच्या मॉन्टेसिटोने ड्रीमवर्क्सबरोबर 'डिस्टर्बिया' काढला, ज्यात घरात अडकलेला मुलगा खिडकीतून शेजाऱ्यावर पाळत ठेवतो. अबेंड तोवर हयात नव्हते, पण त्यांच्या नावाच्या न्यासाने २००८ मध्ये दावा ठोकला. या वेळी न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला, कारण खिडकीतून खून पाहणे ही कल्पना आहे, आणि कल्पनेवर लेखाधिकार नसतो. तो असतो तिच्या मांडणीवर. एकाच कथेच्या सावलीत एकाच माणसाची दोन कचेऱ्यांत गाठ पडावी, असे क्वचित घडते.

धाग्यात एक मुद्दा राहून गेला आहे, तो नीतीचा. वकील आपल्याच अशिलाबरोबर धंद्यात उतरला, तर तो सल्ला कोणाच्या हिताचा देणार? अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श आचारनियमांनुसार अशा व्यवहाराच्या अटी वाजवी आणि लेखी हव्यात, दुसऱ्या स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या असे अशिलाला लेखी सांगायला हवे, आणि अशिलाची सही असलेली संमती हवी. पोलॉक यांनी वकिली सोडून मग स्टुडिओ घेतला, त्यामुळे त्यांच्यापुढे हा पेच मोठ्या प्रमाणात आला नसावा. वकिली चालू ठेवून निर्माते झालेल्यांना मात्र ही तारेवरची कसरत रोजची आहे.

मध्यरात्रीचा खेळ

दोन्ही खुर्च्या एकाच वेळी सांभाळणारे म्हणून जॉन स्लॉस यांचे नाव घ्यायला हवे. स्वतंत्र चित्रपटांचे वकील म्हणून ते नावाजले, २००१ मध्ये त्यांनी सिनेटिक मीडिया ही विक्री-सल्लागार कंपनी काढली, आणि रिचर्ड लिंकलेटर यांच्या 'बॉयहूड'च्या निर्मात्यांत त्यांचे नाव आहे.

या चित्रपटाची कायदेशीर बाजू मला त्याच्या कथेइतकीच विलक्षण वाटते. एक मुलगा पडद्यावर खरोखरच मोठा होताना दिसावा म्हणून तो त्याच नटांसह २००२ पासून १२ वर्षांत, दर वर्षी थोडा थोडा चित्रित झाला, आणि आयएफसी कंपनी त्यासाठी वर्षाला सुमारे २ लाख डॉलर देत राहिली. नटांशी मात्र १२ वर्षांचा करार होऊ शकत नव्हता. याचे कारण एका जुन्या निकालात आहे. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओविरुद्ध दावा लावला होता. नटाने भूमिका नाकारली की निलंबनाचे दिवस स्टुडिओ कराराच्या शेवटी जोडत असे आणि सात वर्षांचा करार संपतच नसे. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितले की सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे. त्यापुढे व्यक्तिगत सेवेचा करार लादता येणार नाही. नटांना त्या काळी स्टुडिओच्या जोखडातून सोडवणाऱ्या याच नियमामुळे 'बॉयहूड'चा सगळा डोलारा निव्वळ शब्दावर उभा होता. सहा वर्षांचा मुलगा चौदाव्या वर्षी 'मला कंटाळा आला' म्हणाला असता, तर कोणत्याही न्यायालयात दाद नव्हती. सगळ्या व्यवसायात कागदावाचून पान हलत नाही असे ज्याला ठाऊक, त्या वकिलाने कागद नसलेल्या चित्रपटाच्या पाठीशी उभे राहावे, यात मला त्याच्यातला निर्माता दिसतो.

(सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनात लिंकलेटर आणि कॅथलीन सदरलँड अशी दोनच नावे होती. @तिसरी घंटा यांच्या प्रश्नाचे अकादमीने दिलेले हे अप्रत्यक्ष उत्तर समजावे काय?)

जुना प्रेक्षक

'बॉयहूड'चे उदाहरण चांगले आहे. माझा आधीचा सूर त्यामुळे थोडा नरमला. पण वकिलांच्या या गौरवगाथेत दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड यांनी पॅरामाउंटला एक कथासूत्र दिले होते. 'कमिंग टु अमेरिका' त्यावरच आधारलेला असल्याचे १९९० मध्ये न्यायालयाने मान्य केले. १९८८ च्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २८ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला, तरी स्टुडिओच्या हिशेबानुसार त्याला निव्वळ नफा झालाच नव्हता, कारण करारातल्या 'निव्वळ नफा' या शब्दांच्या व्याख्येत वितरणाची दलाली, व्याज आणि वरकड खर्च असे काही पेरले होते की नफा कधी उगवूच नये. न्यायालयाने त्या व्याख्येतले अनेक भाग अन्यायकारक ठरवले, आणि १९९२ मध्ये बुकवाल्ड यांना १ लाख ५० हजार व त्यांचे सहकारी निर्माते अलेन बर्नहाइम यांना ७ लाख ५० हजार डॉलर मंजूर झाले.

ती व्याख्या लिहिली कोणी? वकिलांनीच. लुकास यांचा वाटा सोडवून घेणारी आणि बुकवाल्ड यांचा वाटा जिरवणारी विद्या एकच आहे. श्वार्झनेगर आणि कंपनीने वाट्याची नेमकी व्याख्या करून घेतली, कारण त्यांच्याकडेही तोलामोलाचे वकील होते. ज्याच्याकडे ते नसतात त्याच्या वाट्याला 'निव्वळ' उरते.

कलम २०३

हे खरे आहे, आणि म्हणूनच जाणते लोक निव्वळ नफ्यातला वाटा घेत नाहीत. ते एकूण उत्पन्नातला वाटा मागतात किंवा उत्पन्नाने अमुक टप्पा ओलांडला की अमुक रक्कम, असे लिहून घेतात.

तिसरी घंटा

उत्तरांबद्दल आभार. पोलॉक यांचे निर्णय कधी सपशेल चुकले नाहीत का? आतापर्यंत सगळे विजयच वाचले.

शाईचा डाग

चुकले तर. १९९५ चा 'वॉटरवर्ल्ड' त्यांच्याच कारकिर्दीतला. हवाईच्या किनाऱ्याजवळ खऱ्या समुद्रावर तरंगते नेपथ्य उभारले, त्यातले एक बुडाले, आणि खर्च सुमारे १७ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत गेला. अंदाजपत्रकावर कितीही सह्या असल्या तरी वारा आणि लाटा त्या करारात पक्षकार नसतात. त्याच वर्षी सीग्रॅम या मद्यउद्योगातल्या कंपनीने एमसीए विकत घेतली आणि पोलॉक यांचा स्टुडिओप्रमुख म्हणून काळ संपला. तीन वर्षांनी त्यांनी मॉन्टेसिटो काढली, ती राइटमन यांच्याबरोबर, म्हणजे 'ट्विन्स'च्या वेळी टेबलापलीकडे बसून आपल्याकडून वाटा काढून घेणाऱ्या माणसाबरोबर.

हिचकॉक यांचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट जोडतो. पोलॉक यांचे नाव निर्माता म्हणून ज्यावर आहे अशा शेवटच्या काळातल्या चित्रपटांत २०१२ चा 'हिचकॉक' आहे. त्याचा विषय 'सायको'ची जन्मकथा हा आहे. पॅरामाउंटला त्या कथेत रस नव्हता, तेव्हा हिचकॉक यांनी आपले नेहमीचे सुमारे २ लाख ५० हजार डॉलरचे मानधन सोडले आणि त्याऐवजी चित्रपटाच्या मालकीतला ६० टक्के हिस्सा लिहून घेतला.